शाळा सुटल्यानंतरची सहा वर्षे

जर्मनीतील एर्फुर्ट या शहरी उपयुक्त विद्यांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेली एक जुनी अकादमी आहे. इ. स. १९०० च्या सुमारास तिने एका निबंधासाठी पारितोषिक जाहीर केले. प्रश्न असा होता की, प्राथमिक शाळा सोडल्यापासून लष्करात दाखल होईपर्यंतच्या काळात तरुणांना नागरिक म्हणून उत्तम प्रकारे कसे घडविता येईल? प्रश्न वरवर पाहता साधा दिसतो. पण त्यात एक मोठी कबुली दडलेली होती. तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळेच्या पटावरून मुलाचे नाव कमी होई आणि विसाव्या वर्षी ते पलटणीच्या पटावर चढे. मधली सहा वर्षे तो कोणाचा, या प्रश्नाला शिस्तीबद्दल जगभर नावाजलेल्या जर्मन राज्यापाशीही उत्तर नव्हते. सक्तीच्या शिक्षणावर राज्याने लाखो मार्क खर्च करावेत आणि शिकलेले सारे विसरून जाण्यास पुरेल एवढा काळ मुलाला मोकळा सोडून द्यावा, असा तो प्रकार होता.

जुन्या काळी या सहा वर्षांना धनी होता. युरोपातील प्रत्येक शहरात कारागिरांचे संघ असत. मुलगा हाती येताच बाप त्याला एखाद्या उस्तादाच्या स्वाधीन करी, करारपत्र होई, आणि मग काही वर्षे तो मुलगा उस्तादाच्याच घरी राही, त्याच्याच पंक्तीला जेवी, त्याचाच मार खाई व त्याचाच धंदा शिके. आपल्याकडील गावगाड्यात तर एवढ्या करारमदाराचीही आवश्यकता नव्हती. सुताराच्या मुलाला कळू लागण्यापूर्वीच त्याचा हात वाकसाशी खेळू लागे. शाळेतून धंद्यात कसे जावे, हा प्रश्न तेथे जन्माबरोबरच सुटलेला असे. मात्र कुंभाराच्या मुलाला लोहार होण्याची मुभा नसे, आणि कित्येकांना तर शाळेचीच मुभा नसे, हे विसरून त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील ही घडी विस्कटली. संघांची मिरासदारी कायद्याने मोडली गेली. बव्हेरियात हे १८६८ साली घडले. कोणी कोणताही धंदा करावा, हे स्वातंत्र्य मिळाले खरे. पण उस्तादाच्या घरातील उमेदवाराची जागाही त्याबरोबर हळूहळू नाहीशी होऊ लागली. उमेदवार म्हणजे स्वस्तातला मजूर, असे समीकरण होऊन बसले. शिकविण्याचे बंधन सैल झाले आणि राबवून घेण्याची सोय मात्र राहिली.

एर्फुर्टच्या प्रश्नाला ज्या निबंधाने पारितोषिक मिळविले, त्याचे लेखक गेओर्ग केर्शेनस्टायनर हे म्यूनिक शहराच्या शाळाखात्याचे प्रमुख होते. त्यांचा जन्म १८५४ सालचा, म्यूनिकचाच. बाप व्यापारात बसलेला, घरची स्थिती हलाखीची. वयाची विशी गाठण्यापूर्वीच ते खेड्यातल्या शाळेत साहाय्यक शिक्षक झाले. परंतु ती नोकरी सोडून त्यांनी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली, गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला, १८८३ मध्ये डॉक्टरेट संपादन केली आणि पुढे माध्यमिक शाळांतून अध्यापन केले. १८९५ साली शहराच्या सर्व शाळा त्यांच्या हाती आल्या. शिकविणे म्हणजे काय, हे त्यांना वर्गाच्या दोन्ही बाजूंनी ठाऊक होते. शाळाखात्याच्या अधिकाऱ्यांत हा गुण कोठेही सर्रास आढळतो, असे नाही.

शाळा सोडलेल्या मुलांसाठी बव्हेरियात काहीच सोय नव्हती, असे मात्र नव्हे. १८०३ पासून तेथे रविवारच्या शाळेची सक्ती होती. सहा दिवस भट्टीपुढे किंवा ऐरणीपाशी काढून सातव्या दिवशी त्या मुलाने बाकावर येऊन बसावे आणि लहानपणी गिरविलेलेच वाचन, तेच हिशोब, तीच धर्मशिकवण पुन्हा घोटावी, अशी ती योजना होती. शिळ्या कढीला ऊत आणण्याचा हा प्रकार मुलांना नकोसा, मालकांना निरुपयोगी आणि शिक्षकांना शिक्षेसारखा वाटावा, यात नवल नाही.

केर्शेनस्टायनर यांनी प्रश्नाचे मूळच बदलले. चौदा वर्षांच्या मुलाचे मन कोठे असते? ते त्याच्या धंद्यात असते. नव्या हत्यारांत, नव्या कमाईत आणि मोठ्या माणसांत वावरण्याच्या नवलाईत असते. मग शाळेने तेथूनच का आरंभ करू नये? धंदा हा शिक्षणाचा शत्रू आहे, असे मानून त्याच्याशी झगडण्याऐवजी धंद्यालाच शिक्षणाचा विषय करावा, असे त्यांनी ठरविले. १९०० सालापासून म्यूनिकमध्ये शिक्षण पुढे चालू ठेवणाऱ्या या शाळांची, म्हणजे अनुवर्ती शाळांची, धंदेवार फेररचना सुरू झाली. प्रारंभीच्या शाळा पाव भाजणारे, खाटीक, जोडे करणारे, केशकर्तन करणारे आणि घराघरांची धुराडी झाडणारे यांच्या उमेदवारांसाठी निघाल्या. मोठ्या घरच्या मुलांसाठी शहराने काय काय करावे, याची चर्चा सर्वत्र चालते. येथे शहराने पहिला हात दिला तो काजळीने माखलेल्या पोऱ्याला.

पाववाल्याच्या उमेदवाराची शाळा कशी असे, हे पाहण्यासारखे आहे. पीठ, खमीर, सरपण या मालाची पारख तेथे शिकवीत. गणित तेच, पण ते काल्पनिक हौदाच्या नळांचे नसे. पिठाचा भाव अमुक, जळण अमुक, मजुरी अमुक, तर एका पावाची पडती किंमत काय, असे असे. भाषेच्या तासाला मालाची मागणी, पावती, उधारीचा तगादा अशी धंद्याची पत्रे लिहावी लागत, आणि त्याला जोडून जमाखर्च येई. शरीररक्षणाचे धडे आले, तेही धंद्यातून उद्भवणाऱ्या रोगांच्या निमित्ताने. नागरिकशास्त्र हा तर केर्शेनस्टायनर यांचा जीव की प्राण. परंतु त्याची सुरुवातही राज्यघटनेच्या कलमांनी होत नसे. आपल्या धंद्याचा जुना संघ कसा होता, त्याने शहरासाठी काय केले, येथून निघून मुलगा नगरपालिकेपर्यंत आणि तेथून राज्यापर्यंत पोहोचे. सुतारकाम किंवा धातुकाम करणाऱ्यांच्या शाळांत चित्रकला व प्रत्यक्ष कार्यशाळा यांना मोठे स्थान होते. आठवड्याकाठी आठ-नऊ तास हे शिक्षण चाले, आणि तेही मुख्यतः कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी. दमून भागून आलेल्या मुलाच्या रात्रीवर ते लादलेले नव्हते.

नेमका येथेच विरोध उभा राहिला. उमेदवाराला दिवसाचे तास द्यायचे म्हणजे मालकाच्या कामातून ते कापायचे. कायदा शहराच्या बाजूने होता. जर्मनीच्या उद्योगविषयक कायद्यान्वये अठरा वर्षांखालील कामगारांवर शाळेची सक्ती करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना होता, आणि त्यासाठी लागणारा वेळ देणे मालकावर बंधनकारक होते. तथापि निव्वळ कायद्याच्या बडग्याने मुलगा शाळेत येतो, एवढेच. तो परत दुकानात गेल्यावर उस्ताद त्याच्या शिकण्याची टर उडवू लागला, तर आठ तासांचे शिक्षण उरलेल्या पन्नास तासांत धुऊन निघते. म्हणून एकेका धंद्याच्या संघाला शाळेत भागीदार करून घेण्यात आले. शाळेच्या देखरेखीत संघाचे प्रतिनिधी बसले. कार्यशाळेसाठी लागणारा माल संघांनी पुरविला. हातकाम शिकविण्यासाठी धंद्यातलेच कसबी कारागीर आले. इमारती आणि पगार यांचा मुख्य भार शहराने उचलला. ज्या मालकाने आपल्या पैशाचे लाकूड शाळेला दिले, तो त्या लाकडाचे पुढे काय झाले, हे पाहण्यास येणारच. हळूहळू त्याला आढळून आले की, शाळेतून परतणारा पोऱ्या कामाला अधिक उपयोगी पडतो. सहा-सात वर्षांत पन्नासाच्या आसपास धंद्यांसाठी अशा शाळा उभ्या राहिल्या आणि परदेशांतून शिक्षणतज्ज्ञ त्या पाहण्यास येऊ लागले.

या यशाला एक मर्यादा होती, आणि ती लहानसहान नव्हती. ज्याला धंदा होता त्याला धंद्याची शाळा मिळाली; पण ज्याला धंदाच नव्हता त्याचे काय? निरोप पोहोचविणारा, हातगाडी ढकलणारा, आज येथे तर उद्या तेथे मोलमजुरी करणारा मुलगा कोणत्याही संघाचा नव्हता. त्याच्या वतीने शाळेच्या समितीत बसावयास कोणी नव्हते. त्याच्यासाठी सर्वसाधारण वर्ग काढण्यात आले. परंतु ज्या युक्तीने पाववाल्याच्या शाळेत जीव आला, ती युक्ती तेथे लागू पडण्यासारखी नव्हती. मुलींच्या शिक्षणात मुख्य भर गृहकृत्यांवर राहिला, जणू कारखान्यात आणि दुकानांत त्या काम करीतच नव्हत्या. शिवाय उत्तम कारागीर आणि आज्ञाधारक नागरिक यांची सांगड इतकी घट्ट घालण्यात आली होती की, राज्यच वाट चुकले तर नागरिकाने काय करावे, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमात डोकावतही नव्हता. केर्शेनस्टायनर जानेवारी १९३२ मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी जर्मनी हिटलरच्या ताब्यात गेली, आणि धंदेशिक्षणाच्या शाळेची देशव्यापी सक्ती १९३८ साली झाली ती त्या राजवटीच्या कायद्याने.

म्यूनिकमध्ये हे प्रयोग चालू होते त्याच वर्षांत इंग्लंड व स्कॉटलंड या देशांत याच सहा वर्षांचा विचार अगदी निराळ्या वाटेने चालला होता. योगायोग असा की, त्या वाटेवरील अग्रणी बाईंचा म्यूनिकशी निकटचा संबंध होता. मारिया ओगिल्वी गॉर्डन या मूळच्या स्कॉटलंडच्या भूगर्भशास्त्रज्ञ. आल्प्स पर्वतातील डोलोमाइट शिखरांवर त्यांचे संशोधन झाले होते, आणि १९०० साली म्यूनिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. खडकांचे थर वाचणाऱ्या या विदुषीने १९०४ साली एक व्यवहारी सूचना मांडली. शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला कोणत्या धंद्यात शिरावे, तेथे शिकावयास काय मिळते, पुढे बढती आहे की नाही, याची माहिती देणारी केंद्रे शिक्षणमंडळांच्या आश्रयाने काढावीत, अशी ती सूचना होती. १९०८ मध्ये त्यांनी धंद्यांची माहिती देणारी पुस्तिका स्वतःच प्रसिद्ध केली.

त्या माहितीची निकड मोठी होती. इंग्लंडच्या शहरांत चौदा वर्षांच्या मुलाला काम मिळत नसे, असे नाही. उलट ते फार सहज मिळे. दुकानाचा माल पोहोचविणे, गाडीवानाबरोबर गाडीवर बसणे, कारखान्यात एखाद्या यंत्राला नुसता माल पुरवीत राहणे, अशा कामांना पोऱ्यांची सदाच मागणी असे, आणि धंदा शिकणाऱ्या उमेदवारापेक्षा तेथे पहिल्या दिवसापासून पैसेही अधिक मिळत. गरीब घरातील आईला त्या चार शिलिंगांचा मोह आवरणे कठीण. परंतु सतरा-अठरा वर्षांचा होऊन तो मोठ्या माणसाची मजुरी मागू लागला की, मालक त्याला निरोप देई आणि त्याच्या जागी दुसरा चौदा वर्षांचा पोऱ्या घेई. अशा कामांना इंग्रजांनी ‘आंधळी गल्ली’ असे नावच देऊन टाकले होते. गरिबांच्या कायद्याचा विचार करणाऱ्या सरकारी कमिशनने १९०९ साली अहवाल सादर केला, तेव्हा प्रौढांच्या बेकारीचे एक मूळ या पोरवयातील कामांत आहे, हे सर्वांच्या ध्यानी आले.

त्याच वर्षी कामगारांना काम मिळवून देणाऱ्या सरकारी केंद्रांचा कायदा झाला, आणि १९१० साली दुसऱ्या एका कायद्याने सतरा वर्षांखालील मुलामुलींना धंद्याच्या निवडीत सल्ला देण्याचा अधिकार शिक्षणमंडळांना मिळाला. बर्मिंगहॅम शहराने या अधिकाराचा उपयोग फार मोठ्या प्रमाणावर केला. तेथे शहरासाठी एक मध्यवर्ती समिती नेमण्यात आली आणि शाळाशाळांतून काळजीवाहू समित्या स्थापन झाल्या. त्यांत शिक्षक होते, मालक होते, कामगार होते आणि मुख्यतः शेकडो स्वयंसेवक स्त्रीपुरुष होते. मुलगा शाळा सोडण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्याविषयी टिपण तयार करावे. स्वयंसेवकाने त्याच्या घरी जाऊन आईबापांशी बोलावे. काम देणाऱ्या केंद्राने योग्य जागा शोधावी. आणि काम लागल्यानंतरही त्याच स्वयंसेवकाने अधूनमधून भेट देऊन मुलाचे कसे काय चालले आहे, याची विचारपूस करावी, अशी ती पद्धत होती. परक्या घरच्या मुलासाठी पायपीट करणाऱ्या या माणसांविषयी आदरच वाटतो. पण त्यांच्या हाती होते काय? आंधळ्या गल्लीत जाऊ नकोस, एवढे ते सांगू शकत. दुसरा रस्ता काढून देणे त्यांच्या हाती नव्हते. मालकाने मुलाला काय शिकवावे आणि त्यासाठी किती तास सोडावे, याविषयी त्यांना चकार शब्द काढता येत नव्हता.

ही उणीव भरून काढण्याचा यत्न १९१८ च्या फिशर कायद्याने केला. महायुद्धाच्या अखेरीस संमत झालेल्या या कायद्याने चौदा वर्षांनंतर शाळा सोडणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून ३२० तास दिवसाच्या अनुवर्ती शाळेत यावे लागणार होते. प्रथम सोळाव्या वर्षापर्यंत आणि कालांतराने अठराव्यापर्यंत. म्यूनिकचे उदाहरण इंग्रज शिक्षणतज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर होते. मायकेल सॅडलर यांनी संपादिलेल्या १९०७ च्या ग्रंथामुळे आणि केर्शेनस्टायनर यांच्या लेखनाच्या १९१४ मधील भाषांतरामुळे ते चांगलेच परिचित झाले होते. परंतु म्यूनिकचे तास घेताना म्यूनिकची भागीदारी मागेच राहिली. मालकांच्या प्रबळ संस्थांनी आणि कापडगिरण्यांच्या प्रदेशाने या कलमांना आधीच विरोध केला होता, आणि अठराव्या वर्षापर्यंतची सक्ती पुढे ढकलण्यात आली होती ती त्यामुळेच.

लंडनमध्ये १९२१ च्या आरंभी या शाळा उघडल्या. आजूबाजूच्या बहुतेक भागांत अशी सक्ती अद्याप नव्हती. साहजिकच आठवड्यातून आठ तास गैरहजर राहणाऱ्या लंडनच्या मुलापेक्षा हद्दीपलीकडचा मुलगा मालकांना परवडू लागला. आपल्या मुलाची नोकरी शाळेपायी जाते, असे दिसताच आईबापही शाळेच्या विरुद्ध उठले. त्यात मंदी आली, सरकारी काटकसरीची कुऱ्हाड फिरली, आणि १९२२ मध्ये लंडनने सक्ती सोडून दिली. देशभर अशीच वाताहत झाली. रग्बी या एकाच गावी ही सक्तीची शाळा पुढे अनेक वर्षे चालली. यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यांचे ते गाव. तेथील उद्योगाला शिकलेला उमेदवार हवा होता आणि शाळेशी त्याने जमवून घेतले. बर्मिंगहॅमजवळ बोर्नव्हिल येथील कॅडबरी यांच्या कारखान्यातील मुलामुलींसाठी तर कायद्यापूर्वीच, १९१३ साली, दिवसाची शाळा निघालेली होती. जेथे धंदा शाळेच्या आत आला तेथे ती तगली. जेथे त्याला केवळ हुकूम पोहोचला तेथे दोन वर्षेही निघाली नाहीत.

आपल्याकडे या भागीदारीची बीजे कोणी पेरलीच नाहीत, असे नाही. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली ती सरकार, म्युनिसिपालिटी आणि गिरणीमालक यांच्या साहाय्याने. मुलींच्या बाबतीत म्यूनिकने जो संकोच दाखविला तो पुण्याच्या सेवासदनाने दाखविला नाही. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या त्या संस्थेने आपल्या विद्यार्थिनींना परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून ससून रुग्णालयाशी संधान बांधले. रुग्णालयाने धंदा शिकवावा आणि संस्थेने राहण्याजेवण्याची, देखरेखीची व सर्वांत अवघड अशा लोकापवादाची बाजू सांभाळावी, अशी ती वाटणी होती. तरुण विधवेने परक्या रुग्णांची शुश्रूषा करावी, ही कल्पनाच ज्या समाजाला सहन होत नव्हती, त्या समाजात ही वाटणी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

१९३७ साली ॲबट आणि वुड या दोन इंग्रज शिक्षणाधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातील धंदेशिक्षणावर अहवाल सादर केला. ॲबट हे इंग्लंडच्या तांत्रिक शाळांचे प्रमुख इन्स्पेक्टर राहिलेले गृहस्थ होते. १९१८ च्या कायद्याची दशा त्यांनी जवळून पाहिली असणार. उद्योगधंद्यांचे सहकार्य मिळाल्यावाचून धंदेशिक्षण उभे राहणार नाही, आणि उद्योगांच्या गरजेपलीकडे ते वाढवूही नये, यावर त्या अहवालाचा कटाक्ष होता. पुढे दोनच वर्षांत महायुद्ध सुरू झाले. स्वतंत्र भारतात उमेदवारीचा कायदा झाला तो १९६१ साली. नेमलेल्या धंद्यांत कारखानदारांनी किती उमेदवार घ्यावेत, हे सरकारने ठरवावे आणि हातकामाबरोबर त्या धंद्याचे वर्गशिक्षणही उमेदवाराला मिळावे, अशी तरतूद त्यात झाली. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या आणि आवश्यक तेवढी इयत्ता पार केलेल्या मुलाला ते दार खुले झाले. त्याच वयाचा, परंतु इयत्ता पुरी न झालेला, मुंबईच्या इराण्याच्या दुकानात कपबशा विसळणारा पोऱ्या मात्र त्या कायद्याच्या कोणत्याच धंद्यात बसत नव्हता. म्यूनिकच्या हातगाडी ढकलणाऱ्या मुलाप्रमाणेच त्याच्या वतीने समितीत बोलणारा कोणी संघ नव्हता.